वऱ्हाडातील इंग्रजीचे पदवी-शिक्षण

वऱ्हाडातील इंग्रजीचे पदवी-शिक्षण : इंग्रजी भाषा, तीतील साहित्य आणि त्या साहित्यामागील संस्कृती यांचे बी. ए. च्या पातळीवरील अध्ययन-अध्यापन आणि त्याचा वऱ्हाड प्रदेशातील इतिहास. अमरावती, अकोला, वाशिम, बुलढाणा व यवतमाळ हे जिल्हे वऱ्हाडात मोडतात. पदवी-अभ्यासक्रमात इंग्रजीचे स्थान आरंभापासून दुहेरी राहिले आहे. कला शाखेच्या सर्वच विद्यार्थ्यांसाठी ती सक्तीची भाषा होती. तर थोड्या विद्यार्थ्यांसाठी ती स्वेच्छेने निवडलेला साहित्यविषय होती. पहिल्या रूपात इंग्रजी हा उंबरठा ठरला, दुसऱ्या रूपात ती एक विद्याशाखा झाली. उंबरठा ओलांडण्यातच ज्यांची सर्व शक्ती खर्ची पडली, त्यांना विद्याशाखेचा लाभ क्वचितच झाला. वऱ्हाडातील ह्या शिक्षणाचा इतिहास म्हणजे मुख्यतः ह्या दोन भूमिकांमधील ताणाचा इतिहास होय.

हा ताण प्रदेशाच्या केंद्रापेक्षा त्याच्या कडेवरून अधिक स्पष्ट दिसतो. सोनाळा (तालुका संग्रामपूर, जिल्हा बुलढाणा) हे सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले व संत सोनाजी महाराजांच्या स्थानामुळे परिसरात परिचित असलेले गाव. मुंबई-नागपूर लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव, अकोला असा पूर्णा नदीच्या दक्षिणेकडून गेला आणि न्यायालये, बाजारपेठा व इंग्रजी शाळा प्रायः त्याच्याच आसऱ्याने वाढल्या. पूर्णेच्या उत्तरेकडील गावे त्या मानाने दूर राहिली. ह्या पट्ट्यात घरोघर वऱ्हाडी बोली, शाळेत प्रमाण मराठी आणि बाजारात मराठीच्या जोडीने हिंदी, असा भाषाव्यवहार आढळतो. डोंगराकडील वस्त्यांत कोरकू ही मुंडा गटातील भाषा बोलली जाते. लगतच्या जळगाव जामोद तालुक्यात निहाली भाषकांच्या वस्त्या असून निहालीचे नाते कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी निश्चितपणे जोडता आलेले नाही. अशा ठिकाणच्या विद्यार्थ्यापुढे इंग्रजी ही दुसरी नव्हे, तर तिसरी वा चौथी भाषा म्हणून येते. अभ्यासक्रम मात्र दीर्घकाळ असे गृहीत धरून आखले गेले, की विद्यार्थी महाविद्यालयात येतो तेव्हा त्याला इंग्रजी पुरेशी अवगत असते.

पार्श्वभूमी : ईस्ट इंडिया कंपनीच्या १८१३ च्या सनदेने हिंदुस्थानातील विद्यावृद्धीसाठी वार्षिक एक लाख रुपयांची तरतूद केली. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन याचा कल देशी भाषांतून शिक्षण देण्याकडे होता. तथापि इंग्रजीच्या अध्यापनासही त्याने उत्तेजन दिले. पुण्याच्या विश्रामबाग वाड्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तीत पुढे इंग्रजीची भर पडून तिचे पूना कॉलेज व नंतर डेक्कन कॉलेज झाले. मुंबईत एल्फिन्स्टनच्या स्मरणार्थ जमविलेल्या निधीतून एल्फिन्स्टन कॉलेज उभे राहिले आणि तेथे बाळशास्त्री जांभेकर यांनी अध्यापन केले. मेकॉलेचे टिपण (२ फेब्रुवारी १८३५) आणि त्यास अनुसरून बेंटिंकने काढलेला ठराव (७ मार्च १८३५) यांमुळे सरकारी पैसा इंग्रजी शिक्षणाकडे वळला. वुडच्या खलित्याने (१८५४) उच्च शिक्षणासाठी इंग्रजी व सर्वसामान्य शिक्षणासाठी देशी भाषा अशी विभागणी मान्य केली. त्या खलित्यातील योजनेनुसार १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली.

मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेश-परीक्षा १८५९ मध्ये झाली. तीस बसलेल्या १३२ उमेदवारांपैकी २२ उत्तीर्ण झाले. बी. ए. ची पहिली परीक्षा १८६२ मध्ये होऊन महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक हे चौघे पदवीधर झाले. इंग्रजी हा ह्या परीक्षांचा सक्तीचा विषय होता आणि इतर विषयांचे माध्यमही तीच होती. त्यामुळे इतिहास वा तर्कशास्त्र यांची परीक्षा ही अप्रत्यक्षपणे इंग्रजीचीच परीक्षा ठरे. खुद्द इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने इंग्रजी साहित्याचा स्वतंत्र पदवी-अभ्यासक्रम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, तर केंब्रिजने १९१७ मध्ये सुरू केला. तेथे शिक्षणाचा कणा दीर्घकाळ ग्रीक व लॅटिन हाच होता. इंग्रजी साहित्य हा उच्च शिक्षणाचा नियमित विषय म्हणून मायदेशाआधी वसाहतीत स्थिरावला, ही गोष्ट गौरी विश्वनाथन यांनी आपल्या १९८९ मधील अभ्यासात सविस्तर मांडली. धर्मशिक्षण उघडपणे देणे सरकारला शक्य नव्हते, तेव्हा नीतिसंस्काराचे काम साहित्याकडे सोपविण्यात आले, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

वऱ्हाडातील प्रारंभ : निजामाने १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. १९०३ मध्ये ते मध्य प्रांतास जोडले गेले. ह्या राजकीय स्थित्यंतरांचा शिक्षणावर सरळ परिणाम झाला. अकोला व अमरावती येथील इंग्रजी शाळांतून मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेची तयारी होई. परंतु पदवीसाठी विद्यार्थ्यास प्रदेश सोडून जावे लागे. अनेकांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजची वाट धरली. गोपाळ गणेश आगरकर हे अकोल्यास शिकून १८७५ मध्ये मॅट्रिक झाले व पुढे डेक्कन कॉलेजात गेले. तेथे विल्यम वर्ड्‌स्वर्थ (कवी वर्ड्‌स्वर्थचे नातू) व एफ. जी. सेल्बी यांच्यासारख्या अध्यापकांमुळे इंग्रजी साहित्य व पाश्चात्त्य विचार यांच्या अभ्यासास प्रतिष्ठा लाभली होती. आगरकरांचे विकारविलसित (१८८३) हे शेक्सपिअरच्या हॅम्लेटचे भाषांतर ह्याच संस्कारांचे फळ होय.

विष्णु मोरेश्वर महाजनी (१८५१–१९२३) यांनी उलट दिशेने प्रवास केला. मुंबई विद्यापीठाचे उच्च शिक्षण घेऊन ते वऱ्हाडच्या शिक्षण खात्यात आले आणि अकोल्यास अध्यापन करीत असताना त्यांनी शेक्सपिअरच्या सिंबेलाइनचे तारा (१८७९) हे रूपांतर केले. ते १९०७ च्या पुणे येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. शालेय इंग्रजीचा अध्यापक, शिक्षणाधिकारी व मराठी लेखक ह्या तीन भूमिका त्यांच्या ठायी एकवटल्या होत्या. ज्या गावात महाविद्यालय नव्हते तेथेही पदवी-शिक्षणाचा संस्कार अशा व्यक्तींच्या द्वारा पोहोचत असे.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) यांचे उदाहरण बुलढाणा जिल्ह्याच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. त्यांचे आरंभीचे शिक्षण बुलढाणा व अकोला येथे झाले. १८८८ मध्ये मॅट्रिक होऊन ते डेक्कन कॉलेजात गेले व १८९१ मध्ये बी. ए. झाले. पुढे वकिलीची परीक्षा देऊन त्यांनी अकोला, खामगाव व जळगाव जामोद येथे व्यवसाय केला. वीरतनय (१८९६) ह्या नाटकाने त्यांच्या नाट्यलेखनास प्रारंभ झाला. सुदाम्याचे पोहे (१९१०) मधील लेखांनी मराठीत विनोदी लेखनाची एक परंपरा निर्माण केली. पाश्चात्त्य नाटक व विनोद यांच्या वाचनातून मिळालेली दृष्टी त्यांनी आपल्या समाजाच्या रूढींवर रोखली. महाविद्यालयातील इंग्रजी साहित्य आणि जळगाव जामोदसारख्या लहान गावातील वास्तव्य यांचा हा संयोग अपवादात्मक होता. ज्याला पुण्याला जाणे परवडे, त्यालाच तो साधला, हेही तितकेच खरे.

विद्यापीठांची स्थित्यंतरे : नागपूर येथे हिस्लॉप कॉलेज (१८८३) व मॉरिस कॉलेज (१८८५) स्थापन झाली. ही महाविद्यालये आरंभी कलकत्ता विद्यापीठाशी आणि १९०४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर अलाहाबाद विद्यापीठाशी संलग्न होती. त्यामुळे नागपुरास शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याचा इंग्रजीचा अभ्यासक्रम आधी बंगालमध्ये व नंतर संयुक्त प्रांतात ठरे. मराठी भाषेशी त्या विद्यापीठांचा संबंध स्वाभाविकपणेच अल्प होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज सुरू झाले. विदर्भ महाविद्यालय म्हणून पुढे ओळखले गेलेले ते हेच. वऱ्हाडातील विद्यार्थ्यास आपल्या प्रदेशातच बी. ए. चे शिक्षण मिळण्याची सोय ह्यामुळे प्रथमच झाली. मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेपासून हे घडण्यास ६६ वर्षे लागली.

पंजाबराव देशमुख (१८९८–१९६५) यांनी १९३२ मध्ये अमरावती येथे श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. एडिंबरो व ऑक्सफर्ड येथे शिकलेल्या ह्या शेतकऱ्याच्या मुलाने शिक्षणाचा प्रसार खेड्यापाड्यांतील बहुजन समाजात व्हावा, ह्या हेतूने शाळा, वसतिगृहे व महाविद्यालये उभारली. खामगावचे जी. एस. कॉलेज १९४७ मध्ये सुरू झाले, तेव्हा बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागासही उच्च शिक्षण आवाक्यात आले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर (१९६०) तालुक्यांच्या गावी महाविद्यालये निघाली आणि ज्यांच्या घराण्यात पूर्वी कोणी पदवीधर नव्हते असा वर्ग वर्गखोल्यांत आला. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठाची स्थापना झाली. २००५ मध्ये त्यास संत गाडगे बाबांचे नाव देण्यात आले. बुलढाणा जिल्हा ह्याच विद्यापीठाच्या कक्षेत येतो. कलकत्त्यापासून अमरावतीपर्यंत आलेला हा प्रवास भौगोलिक अंतराच्या दृष्टीने यशस्वी ठरला. भाषिक अंतर मात्र त्याच प्रमाणात कमी झाले नाही.

अभ्यासक्रम : एकोणिसाव्या शतकातील अभ्यासक्रमात शेक्सपिअर व मिल्टन यांचे काव्य-नाट्य आणि बेकन, बर्क व मेकॉले यांचे गद्य यांस प्राधान्य होते. पालग्रेव्हने संपादित केलेला गोल्डन ट्रेझरी (१८६१) हा काव्यसंग्रह भारतीय महाविद्यालयांतून अनेक पिढ्यांनी अभ्यासला. रोमँटिक कवितेची मराठी कवींना झालेली ओळख पुष्कळ अंशी अशा संग्रहांतून झाली. अभ्यासक्रमाचा क्रम कालानुसारी असे आणि साहित्यकृतीच्या जोडीने इंग्लंडचा सामाजिक व वाङ्‌मयीन इतिहास शिकविला जाई. ‘संस्कृती’ ह्या शब्दाने ह्या विषयात प्रायः इंग्लंडची संस्कृतीच अभिप्रेत होती. डॅफोडिलची फुले, हिमवर्षाव किंवा इंग्रजी उमरावांचे शिष्टाचार यांच्या टीपा विद्यार्थी पाठ करीत. ज्यांनी ती फुले कधी पाहिली नव्हती, त्यांच्या दृष्टीने त्या कविता केवळ शब्दांच्या अर्थावर उभ्या राहत.

स्वातंत्र्योत्तर काळात ह्या विषयाच्या कक्षा रुंदावल्या. अमेरिकन साहित्य अभ्यासक्रमात आले. पाठोपाठ भारतीय लेखकांच्या इंग्रजी साहित्यास स्थान मिळाले. के. आर. श्रीनिवास अय्यंगार यांचा ह्या साहित्यावरील ग्रंथ (१९६२) आणि एम. के. नाईक यांनी साहित्य अकादेमीसाठी लिहिलेला इतिहास (१९८२) यांनी त्या अभ्यासास भक्कम आधार दिला. त्यानंतर आफ्रिकी व कॅरिबियन साहित्य, स्त्रीवादी समीक्षा, भाषांतरविद्या व भाषाविज्ञान यांचाही समावेश झाला. नागपूर व अमरावती विद्यापीठांच्या बी. ए. अभ्यासक्रमात सक्तीची इंग्रजी, एक आधुनिक भारतीय भाषा आणि तीन ऐच्छिक विषय अशी रचना दीर्घकाळ होती. इंग्रजी साहित्य हा त्या ऐच्छिक विषयांपैकी एक असे. एकाच विषयावर अधिक भर देणारी विशेष पातळीची पद्धती पुणे-मुंबईकडे रूढ होती. तिच्या तुलनेत ह्या रचनेत विद्यार्थ्याला तीन विषयांची तोंडओळख होई. परंतु साहित्याच्या सखोल अभ्यासास अवकाश कमी मिळे.

अध्यापनपद्धती : ह्या शिक्षणाची सर्वांत टिकाऊ पद्धती म्हणजे भाषांतर. अध्यापक इंग्रजी वाक्य वाचतो, मराठीत अर्थ सांगतो व विद्यार्थी तो पुस्तकाच्या कडेला उतरून घेतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७), कँडीचा इंग्रजी-मराठी कोश (१८४७) व नी. बा. रानडे यांचा विसाव्या शतकाच्या आरंभी निघालेला इंग्रजी-मराठी कोश ही ह्या पद्धतीची मूलभूत साधने होत. दादोबा पांडुरंग यांच्या १८३६ मधील व्याकरणावर इंग्रजी व्याकरणाच्या मांडणीचा प्रभाव असल्याने मराठी विद्यार्थ्यास दोन्ही भाषांची परिभाषा जवळपास सारखीच भेटे. विरामचिन्हेही मराठीत इंग्रजीवरूनच आली. ह्या पद्धतीने वाचनाचे सामर्थ्य येई, परंतु ऐकणे व बोलणे दुर्लक्षित राही.

महाविद्यालयांचा विस्तार झाल्यावर वर्ग मोठे झाले आणि भाषांतराची जागा टाचणांनी व ‘गाईड’ नावाच्या तयार उत्तरपुस्तिकांनी घेतली. परीक्षेत ठरावीक प्रश्नांची ठरावीक उत्तरे लिहून उत्तीर्ण होता येऊ लागले. त्यामुळे विद्यार्थी मूळ कविता न वाचताही तिच्यावरील निबंध पाठ करू शके. हा दोष केवळ विद्यार्थ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. जेथे शाळेत इंग्रजीचा पुरेसा सराव नव्हता, ग्रंथालय तोकडे होते आणि इंग्रजी कानावर पडण्याचा प्रसंग महाविद्यालयाच्या तासापुरताच होता, तेथे पाठांतर हा टिकून राहण्याचा व्यवहार्य मार्ग होता. हैदराबाद येथे १९५८ मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशने अध्यापकांच्या प्रशिक्षणास शास्त्रीय बैठक दिली. वाक्यरचनांचा क्रमबद्ध सराव व पुढे संभाषणाधिष्ठित अध्यापन यांचा पुरस्कार झाला. ग्रामीण महाविद्यालयांत मात्र ह्या पद्धतींचा प्रसार सावकाश झाला, कारण त्यांना लहान वर्ग व श्राव्य साधने लागत.

शालेय धोरणातील बदलांचाही पदवी-शिक्षणावर परिणाम झाला. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजीचा प्रारंभ आठव्या इयत्तेपर्यंत पुढे नेण्यात आला होता. नागपूर विद्यापीठाने त्याच सुमारास महाविद्यालयीन शिक्षणात मराठी व हिंदी माध्यमांना वाट करून दिली. माध्यम मराठी झाल्याने इतिहास, अर्थशास्त्र इ. विषय विद्यार्थ्यांना सुगम झाले. परंतु इंग्रजीशी त्यांचा संबंध सक्तीच्या एका प्रश्नपत्रिकेपुरता उरला आणि अपयशाचा सारा भार तीवर येऊन पडला. इतर विषयांत उत्तीर्ण होऊन केवळ इंग्रजीत अनुत्तीर्ण झालेला विद्यार्थी ही विदर्भातील पदवी-परीक्षांची परिचित व्यक्तिरेखा बनली. २००० मध्ये महाराष्ट्रातील सर्व शाळांत पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी सुरू झाली. त्यामुळे भाषेची ओळख लवकर होऊ लागली. तथापि शिकविणाऱ्या शिक्षकांची स्वतःची तयारी हा प्रश्न त्या निर्णयाने आपोआप सुटला नाही.

मराठी साहित्यावरील परिणाम : इंग्रजीच्या पदवी-शिक्षणाचे सर्वांत ठळक फळ मराठीतच दिसून येते. विष्णुशास्त्री चिपळूणकर हे १८७२ मध्ये डेक्कन कॉलेजातून पदवीधर झाले. त्यांनी निबंधमालेतून (१८७४–८२) इंग्रजी निबंधाची शैली मराठी स्वाभिमानाच्या कार्यास जुंपली. विसाव्या शतकात इंग्रजीचे अध्यापन हा व्यवसाय असलेल्या अनेकांनी मराठीत मूलगामी लेखन केले. बा. सी. मर्ढेकर यांनी नवकविता व सौंदर्यशास्त्र यांस दिशा दिली. विंदा करंदीकर यांनी कवितेबरोबरच ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र (१९५७) व राजा लिअर (१९७४) ही भाषांतरे दिली. रा. भा. पाटणकर यांची सौंदर्यमीमांसा (१९७४) ही पाश्चात्त्य तत्त्वविचाराचा मराठीतून घेतलेला सखोल शोध होय. विलास सारंग व गौरी देशपांडे यांनी दोन्ही भाषांत लेखन केले.

वऱ्हाडास लागून असलेल्या खानदेशातून आलेले भालचंद्र नेमाडे यांचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. त्यांनी भाषाविज्ञान व इंग्रजी ह्या विषयांचे पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि अनेक वर्षे इंग्रजीचे अध्यापन केले. तरीही त्यांनी आपल्या समीक्षेत देशीयतेचा आग्रह धरला. ग्रामीण भागातून शहरी महाविद्यालयात आलेल्या तरुणाची त्यांची कोसला (१९६३) ही कादंबरी मराठी गद्यास नवे वळण देणारी ठरली. इंग्रजीचा अभ्यास मनुष्यास आपल्या भाषेपासून तोडतोच असे नाही. तो डोळसपणे झाला, तर आपल्या भाषेकडे पाहण्याची तुलनात्मक दृष्टी देतो, हे ह्या सर्व लेखकांच्या कार्यावरून स्पष्ट होते.

दलित साहित्याच्या उदयातही ह्या विषयाचा वाटा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने (१९४५) मुंबईस सिद्धार्थ व औरंगाबादेस (आता छत्रपती संभाजीनगर) मिलिंद महाविद्यालय स्थापन केले. मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. ना. वानखेडे हे मूळचे नागपूरचे व इंग्रजीचे प्राध्यापक होते. अमेरिकेतील अध्ययनात त्यांचा कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी परिचय झाला आणि परतल्यावर त्यांनी त्या साहित्याचा आदर्श दलित लेखकांपुढे ठेवला. जनार्दन वाघमारे ह्या इंग्रजीच्या प्राध्यापकांनीही अमेरिकन नीग्रो साहित्याची ओळख मराठीत करून दिली. वसाहतीच्या राज्यकर्त्यांनी नीतिसंस्कारासाठी आणलेला विषय येथे समतेच्या मागणीचे साधन झाला.

आक्षेप व मतभेद : इंग्रजी शिक्षणाविषयी महाराष्ट्रात आरंभापासून दोन प्रकारचे विचार आढळतात. चिपळूणकरांच्या नावे रूढ झालेली वाघिणीच्या दुधाची उपमा इंग्रजीच्या बलदायी गुणाकडे निर्देश करते. सावित्रीबाई फुले यांच्या काव्यफुले (१८५४) मध्ये शूद्रातिशूद्रांनी इंग्रजी शिकावे असा आग्रह आहे. जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे १८८२ मध्ये दिलेल्या निवेदनात मात्र वेगळा मुद्दा मांडला. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग शेतकऱ्यांच्या श्रमातून येतो, पण उच्च शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरिष्ठ वर्गांनाच होतो, असे दाखवून त्यांनी प्राथमिक शिक्षणाच्या प्रसाराची मागणी केली. त्यांचा विरोध इंग्रजीस नव्हता, तर तिच्या विषम वाटपास होता. वऱ्हाडातील पुढील घडामोडी पाहता हा मुद्दा दीर्घकाळ लागू राहिल्याचे दिसते.

मराठीस विद्यापीठात स्थान मिळावे, यासाठी न्यायमूर्ती रानडे यांनी केलेल्या प्रयत्नांमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई विद्यापीठाच्या एम. ए. परीक्षेत मराठीचा प्रवेश झाला. महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठाने (१९१६) मातृभाषा हे माध्यम व इंग्रजी हा सक्तीचा विषय अशी सांगड घातली. स्त्रियांच्या बाबतीत आरंभीचे उदाहरण कॉर्नेलिया सोराबजी यांचे होय. नाशिक येथे जन्मलेल्या सोराबजी डेक्कन कॉलेजात शिकून मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या व काही काळ त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजीचे अध्यापन केले. खेड्यातील मुलींना महाविद्यालयात जाता येण्यास मात्र तालुक्याच्या गावी महाविद्यालये निघेपर्यंत थांबावे लागले. दूरच्या शहरी मुलीस एकटे ठेवणे बहुतेक कुटुंबांस मान्य नव्हते. त्यामुळे जवळचे महाविद्यालय, त्याचा दर्जा कसाही असला तरी, ग्रामीण मुलीच्या दृष्टीने पदवीचा एकमेव मार्ग ठरला. लहान महाविद्यालयांच्या उणिवांची चर्चा करताना त्यांचे हे कार्य विसरता येत नाही.

सद्यःस्थिती : राष्ट्रीय शैक्षणिक धोरण (२०२०) यास अनुसरून महाराष्ट्रात २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत व २०२४-२५ पासून इतर महाविद्यालयांत पदवीची नवी चौकट लागू झाली. तीत चौथ्या वर्षाचा पर्याय, मुख्य व गौण विषयांची निवड व कौशल्याधिष्ठित पाठ यांचा अंतर्भाव आहे. इंग्रजी मुख्य विषय म्हणून निवडणाऱ्यास सखोल अध्ययनाची संधी ह्या चौकटीत मिळू शकते. तिचा लाभ लहान महाविद्यालयांतील विद्यार्थ्यास कितपत होतो, हे तेथील अध्यापकसंख्या व ग्रंथालये यांवर अवलंबून राहील. शिक्षकी पेशा, स्पर्धा-परीक्षा, भाषांतर व माहिती-तंत्रज्ञान ही ह्या पदवीधरांची मुख्य कार्यक्षेत्रे होत.

ह्या विषयाचे एक कार्य मात्र वऱ्हाडात पुष्कळसे अपुरे राहिले आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे प्राचीन केंद्र असून मराठी गद्याचा आद्य ग्रंथ लीळाचरित्र तेथेच सिद्ध झाला. रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंचे चरित्र १९८४ मध्ये इंग्रजीत आले, ते ॲन फेल्डहाउस ह्या अमेरिकन विदुषीच्या परिश्रमाने. निहाली भाषेवरील महत्त्वाचा तौलनिक प्रबंध १९६२ मध्ये एफ. बी. जे. कायपर ह्या डच पंडिताने प्रसिद्ध केला. ह्या दोन्ही कार्यांसाठी लागणारी साधने, म्हणजे इंग्रजीवर प्रभुत्व, भाषांतराचा अभ्यास व भाषाविज्ञानाची ओळख, ही इंग्रजीच्या पदवी-अभ्यासक्रमातच अंतर्भूत आहेत. कोरकू व वऱ्हाडी बोलणाऱ्यांच्या सान्निध्यात वाढलेल्या विद्यार्थ्याजवळ तर परकीय संशोधकास वर्षानुवर्षे खपून मिळवावी लागणारी भाषिक जाण जन्मतःच असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ अस्तित्वात आले, त्यामुळे अशा कार्यास अनुकूल वातावरण निर्माण झाले आहे. सोनाळ्यासारख्या गावातून येणाऱ्या विद्यार्थ्याच्या तीन-चार भाषा ही आजवर इंग्रजीच्या अभ्यासातील अडचण मानली गेली. तीच त्या अभ्यासाची सामग्री ठरली, तर उंबरठा व विद्याशाखा यांतील दीर्घकालीन ताण कमी होण्यास साहाय्य होईल.